डाव्या कानाचं गाणं

मित्रांनो, आधी नुसतं ऐका. मधे मधे बोलायचं नाही, शंका सगळ्या शेवटी. मला एका दमात सांगायचंय, नाहीतर ते पुन्हा गळ्याशी अडकेल, आणि अडकणं म्हणजे काय हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

मी एक जुना हेडफोन आहे. जुना म्हणजे म्हातारा नाही हं! आमच्यात वय वर्षांवर मोजत नाहीत, डोक्यांवर मोजतात. माझ्याखालून टकली डोकी गेली, कुरळी गेली, टोपी न काढताच मला चढवणारी गेली. एका सुताराच्या कानामागे पेन्सिल खोचलेली होती, ती काढायची राहिली, म्हणून माझ्या उजव्या गादीला भोक आहे. सध्या मी एका खणात असतो. खण बंद असतो. सोबतीला एक बिनझाकणाचा रिमोट, सुकलेल्या गोंदाची बाटली आणि एक कात्री. रिमोट बिचारा बोलतो, पण त्याला एकच प्रश्न येतो, तो म्हणजे सेल कुठे गेले? कात्रीशी मी स्वतःहून बोलत नाही. वायरीच्या जातीनं कात्रीशी जपूनच राहावं.

माझा जन्म एका लांबच लांब टेबलावर झाला. टेबलाला दोन्ही बाजूंनी बायका बसलेल्या. एक दिवसभर उजवे कान बसवायची, समोरची डावे. माझा डावा कान बसवून झाल्यावर तिनं धूळ उडवायला आत फुंकर मारली आणि म्हणाली, "जा रे बाबा, जग ऐकून ये."

जग! मी काय तो शब्द धरून बसलो. डब्याच्या अंधारात मी नुसती स्वप्नं बघत होतो. पहाटे पळणाऱ्या एखाद्या मुलीच्या डोक्यावर बसून बागेला चकरा मारायच्या. बसच्या खिडकीशी बसायचं. पावसात टोपीखाली लपायचं. आणि एक दिवस डबा उघडला, मी डोळे किलकिले केले, तर समोर काय? ड्रिल मशीन!

तो दादा होता. दुकानाचा मालक. त्यानं काउंटरला भोक पाडलं, माझ्या वायरीला बारीक पोलादी तार गुंडाळली, तारेचं टोक भोकात घातलं, वरून बोल्ट आवळला आणि मला काउंटरच्या कडेच्या खिळ्यावर टांगलं. "आधीचा पळाला," तो कपाळ पुसत म्हणाला. "हा कुठे पळतो बघू."

पळाला कुठला, कुणीतरी पळवला. पण शिक्षा मला! झालं. माझं जग म्हणजे त्या बोल्टपासून हातभर लांब. हातभर उजवीकडे, हातभर डावीकडे. वायर स्प्रिंगसारखी गुंडाळलेली होती, म्हणून कुणी ओढलं तर थोडी लांबायची. ओढलं की आपण लांबायचं, सोडलं की आखडायचं, धक्का आत पोचू द्यायचा नाही. ताण घ्यायचा. हेच माझं काम, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. तीन गिऱ्हाइकं आत आली की चौथ्यानं फुटपाथवरून बोट दाखवून मागायचं. आणि विकायचे काय, तर गाण्यांचे अल्बम. तेही नवे, तेही असे की ज्यांची नावं कुणी ऐकलेली नाहीत. इंडी आणि आर्ट-पॉप. घाबरू नका, मलाही आधी कळलं नव्हतं. ताईनं एका आजोबांना सांगितलं ते मी ऐकलं. ती म्हणाली, "इंडी म्हणजे मोठ्या कंपनीच्या मांडीवर न बसता स्वतःच्या पायावर उभं राहून केलेली गाणी. आणि आर्ट-पॉप म्हणजे पाय नाचतात पण डोकं खाजवावं लागतं."

आजोबा म्हणाले, "म्हणजे आमच्या सुनबाईसारखं."

"द्या टाळी!" ताई म्हणाली आणि त्यांना दोन अल्बम ऐकवले.

ही ताई म्हणजे दादाची धाकटी बहीण. पण दादासकट सगळी गल्ली तिला ताईच म्हणायची, कारण तिच्या तोंडी कोण लागणार? दादा हिशेब बघायचा, खिळे ठोकायचा, जोडजाड करायचा. अल्बम सुचवायचं काम ताईचं. "तुम्हाला काय आवडतं?" असं ती चुकूनही विचारायची नाही. म्हणायची, "काय आवडतं ते तुमचा फोनच विचारतो आणि तेच तेच ताटात वाढतो. मी विचारते, आज सकाळी कशावरून चिडलात?"

मग माणसं सांगायची. कुणाचा बॉस, कुणाची नळाची गळती. ताई मान डोलवायची, मागे वळायची आणि अचूक एक अल्बम काढायची. नुकताच बाप झालेला, झोप न झालेला एक शिक्षक आला तर त्याला 'हळू, उठेल' दिला. एका बसचालकाचा अल्बम. त्याच्या घरात तान्हं बाळ, म्हणून त्यानं सगळी गाणी कुजबुजून म्हटलीत, अगदी भांडणाचं गाणंसुद्धा! मिळाला तर ऐकाच. आणि उगाच फ्रिज उघडून उभं राहायची सवय असेल तर 'फ्रिजचा दिवा' ऐका. तीन मैत्रिणींनी केलाय. ठेका फ्रिजच्या घरघरीचा. चौथ्या गाण्यात सगळं थांबतं, नुसती घरघर उरते, वाटतं संपलं. आणि तेवढ्यात असा ड्रम पडतो की बस्स! पण त्या ड्रमनंच माझा घात केला. सांगतो, सांगतो.

ताईचे नियम होते. पहिला, दुकानात स्पीकर नाही. कारण भिंतीपलीकडे अभ्यासिका, आणि तिथल्या बाई जरा आवाज झाला की लाकडी पट्टी भिंतीवर आपटायच्या, ठक ठक ठक. दुसरा, जे गिऱ्हाइकाच्या कानात तेच आपल्या कानात. ताई कुठलाही नवा अल्बम घरी ऐकायची नाही, फोनवर ऐकायची नाही, फक्त काउंटरवर, फक्त माझ्यावर. म्हणायची, "मी भारी मशीनवर ऐकणार आणि लोकांना हा भोकाचा हेडफोन देणार? ही फसवणूक झाली." आणि तिसरा, गाणाऱ्यानं आपल्या गाण्याबद्दल आधी काही सांगायचं नाही. "गाणं बोलेल. तुम्ही गप्प."

नियम चांगले होते हो. एकेकटे चांगलेच होते.

आता तो ड्रम. समोरच्या चष्म्याच्या दुकानातला चष्मेवाला आमचं रोजचं गिऱ्हाईक. गोल, गुबगुबीत, आणि गाणं अंगात येणारा. ताईनं त्याला 'फ्रिजचा दिवा' लावून दिला. चौथं गाणं आलं, घरघर आली, त्याला वाटलं संपलं. तो स्टुलावरून उठायला लागला, आणि धडाम! माणूस असा उडाला की मला बांधलंय हे विसरला. मी लांबलो, लांबलो, सगळी वळणं सरळ झाली, तरी तो वरच. आणि माझ्या गळ्यात, जिथे एका वायरीच्या दोन होतात ना, तिथे खट्.

डावी वायर तुटली.

"सॉरी, सॉरी!" चष्मेवाला म्हणाला. "ड्रमच तसा आहे हो ताई!"

दादा आला. त्यानं दातांनी वायर सोलली. एक सांगतो मित्रांनो, गाणं आमच्यात दोन वाटांनी येतं, एक डावी, एक उजवी. माझी डावी वाट गळ्याशी तुटलेली. नीट जोडायचं तर बसून, चष्मा लावून, बारकाईनं करायला हवं होतं. दादानं काय केलं, माझ्या दोन्ही कानांच्या वायरी उजव्या वाटेलाच पिळल्या, डाव्या वाटेचं टोक दुमडून बाजूला दाबलं आणि वर काळी टेप गुंडाळली.

"वाजतंय ना दोन्ही कानांत? झालं."

"नक्की?" ताईनं विचारलं.

"अगं तात्पुरतं आहे. परत तुटला तर फेकूनच देऊ. वर फळीवर नवा आहेच, बिनवायरचा."

मी वर बघितलं. चकचकीत डबा. बिनवायरचा! म्हणजे त्याला बोल्ट नाही. मला एकाच वेळी हेवाही वाटला आणि भीतीही.

बरं, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण बहुतेक गाणी दोन्ही वाटांनी सारखीच येतात. एखादं गिटार हरवायचं, कुणाच्या टाळ्या गायब व्हायच्या, एवढंच. ताईच्या लक्षात काहीच आलं नाही असं नाही. ती एकदा गिऱ्हाइकाला म्हणाली, "हल्ली बघा, सगळे कमी वाद्यांत भागवतायत. साधेपणाची लाट आलीये!" चार जणांनी माना डोलावल्या. आणि ती लाट माझ्या गळ्यात टेपखाली दबून बसलेली. मी ओरडत होतो, पण हेडफोननं ओरडायचं कुणाच्या कानात?

मग ती आली.

बारीकशी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत सुया टोचलेली गादी. पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची, म्हणून आम्ही तिला पडदेवालीच म्हणायचो. तिनं पिशवीतून सीडींचा एक गठ्ठा काढला आणि वरची एक पुढे केली. कव्हर पडद्याच्या कापडाचं, हातानं शिवलेलं. नाव 'कपाटातून'. घरात शांत जागा नाही म्हणून ती कपाटात कपड्यांमध्ये बसून गायली होती, हे मला नंतर गाण्यांतूनच कळलं.

"ऐकून बघाल का?" ती म्हणाली. "फक्त एक सांगायचं होतं ताई, ह्यात माझा आवाज जो आहे ना, तो..."

"अंहं! काही सांगायचं नाही," ताई म्हणाली. "गाणं बोलेल."

"नाही, पण तो मी मुद्दाम..."

"गप्प! गठ्ठा इथेच ठेव, परवा ये."

पडदेवाली गप्प बसली. ती एवढ्यावर गप्प बसणारीच होती.

ती गेली, ताईनं काउंटरवरच्या प्लेअरमध्ये सीडी घातली, मला डोक्यावर चढवलं. आणि मित्रांनो, काय सांगू! उजव्या वाटेनं शिवणयंत्राचा ठेका आला, पंख्याची घुमघुम आली, छोट्या कीबोर्डचे चार सूर आले. ते ताईच्या दोन्ही कानांत गेले. आणि डाव्या वाटेनं एक आवाज आला. तिचा. सगळाच्या सगळा डावीकडून. उजवीकडे त्याचा मागमूससुद्धा नाही. तो वायरीतून वर आला, बोल्टापाशी आला, वळणं चढला, माझ्या गळ्यापर्यंत आला, आणि टेपला धडकून थांबला.

मला तो जाणवत होता. शब्द न् शब्द. सगळी गाणी म्हणजे घरातल्या हाका होत्या. "बाबा, दूध उतू चाललंय." "बाबा, दार वाजतंय." आणि एक होतं, ज्याची ओळ पुन्हा पुन्हा यायची: "बाबा, चष्मा कपाळावर आहे, आणि मी डावीकडे आहे." पुढच्या ओळींतून मला कळलं. तिच्या बाबांचा उजवा कान गेलेला होता. छापखान्यात जन्मभर मशीन उजवीकडे होतं ना. घरात सगळे त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहूनच बोलायचे. म्हणून पोरीनं आपला आवाज पुरताच डावीकडे ठेवला होता. त्यांना ऐकू जावा म्हणून!

आणि तो आवाज माझ्या गळ्याशी येऊन घुसमटत होता. बाहेर यायला बोटभरच अंतर उरलं होतं, मध्ये फक्त एक टेप. पण मी कोण? मी टांगलेला.

ताईनं मला काढलं. तिचे डोळे चमकत होते.

"दादा, ही पोरगी गायलीच नाहीये!"

"मग?"

"मग काय मग! अरे, गाण्याचा अल्बम आणि त्यात गाणंच नाही. आवाजाची जागा रिकामी ठेवलीये. आपण आपला घालायचा. काय धाडस आहे!"

"हं," दादा म्हणाला. त्याला एकूण सगळं 'हं'च होतं.

झालं! ताईनं तोंडानं दवंडी पिटली. जो येईल त्याला स्टुलावर बसवायची. "बघा, बाई गातच नाही! तुम्हीच गा मनात!" लोक मला घालायचे, डोळे मिटायचे, रिकामी जागा ऐकायचे, उसासे टाकायचे. एका जाडजूड मिशीवाल्याला तर रडू आलं. विक्री सुरू झाली. आणि प्रत्येक वेळी, प्रत्येक डोक्याखाली, तो आवाज गळ्यापर्यंत येऊन परत फिरायचा.

बाकीचे घरी नेऊन काय ऐकत होते देव जाणे, पण चष्मेवाला परत आला.

"ताई, ही सीडी खराब आहे. घरी लावली तर बाई गातेय!"

"गातेय?"

"धडधडीत! बाबा दूध उतू चाललंय म्हणते. आमची ही स्वयंपाकघरात पळाली ना गॅस बघायला!"

ताईनं सीडी माझ्यावर लावली. ऐकली. त्याला ऐकवली. "कुठे गातेय?"

तो गोंधळला. "इथे नाही गात खरी."

तरी ताईनं त्याला दुसरी बदलून दिली. तो गेला. परत आला. "ताई, हीपण गातेय." पुन्हा माझ्यावर तपासणी, पुन्हा शांतता, पुन्हा नवी सीडी. शेवटी बिचारा कानात बोट फिरवत म्हणाला, "आमच्या घरातच काहीतरी आहे," आणि गेला तो गेलाच. मी खिळ्यावर हसू की रडू?

पण हसू फार टिकलं नाही. कारण पडदेवाली आली. ताईनं तिला काउंटरवरून ओढून मिठीच मारली.

"काय पोरगी आहेस गं! गायलीच नाहीस! सगळी गल्ली वेडी झालीये. लोक म्हणतात, असं कुणाला सुचलंच नव्हतं."

पडदेवालीचा चेहरा मी बघितला. आधी कळेना, मग कळलं असं वाटलं, आणि मग तो चेहरा असा मिटला, जसा पडदा ओढून घेतात. तिला वाटलं, हे टोमणे आहेत. 'ह्याला काय गाणं म्हणायचं?' असं गोड शब्दांत सांगतायत. आणि विक्री होतेय ती तिच्या वाद्यांची, आवाज सोडून.

"हो," ती म्हणाली.

"पुढचाही असाच कर हां. बिनआवाजाचा."

"हं. तसंच करते."

अगं, विचार ना! अगं, मला घाल डोक्यावर, एकदा घाल! ती काउंटरला टेकून उभी होती, माझ्यापासून वीतभरावर. मला हात असता तर तिची बाही ओढली असती. ती सुयांची पिशवी सावरत निघून गेली.

आणि एका दुपारी ते आले.

उंच, वाकलेले, बोटांच्या पेरांत शाई अजून मुरलेली. दुकानात शिरताना त्यांनी मान जराशी फिरवली, डावा कान पुढे काढला, आणि मी ओळखलं. डोकी ओळखण्यात माझा हात कोण धरणार!

"इथे आमच्या पोरीची सीडी मिळते म्हणे," ते जरा मोठ्यानंच बोलले. "पडदे शिवते ती."

"अय्या, तुम्ही बाबा तिचे? बसा, बसा काका!" ताई स्टूल पुसत म्हणाली. "तुम्ही ऐकली असेलच."

"छे हो. आधी रोज म्हणायची, बाबा, तुमच्यासाठीच करतेय. कपाटात बसायची. मला दारातून तिचे ओठ हललेले दिसायचे. आणि आता म्हणते, राहू द्या, काही खास नाही झालं. गातही नाही हल्ली. भाजी चिरताना गायची, तेही बंद." ते ओशाळं हसले. "म्हटलं, आपणच जाऊन ऐकू."

"मी काही सांगत नाही," ताई म्हणाली. "आधी ऐका." आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मला चढवलं. शिवणयंत्र सुरू झालं. ते हसले, घरचा आवाज ओळखून. पंखा आला, मान डोलली. मग ते थांबले. वाट बघत. एक गाणं गेलं. त्यांनी डाव्या गादीवर हात दाबला. दुसरं गेलं. त्यांनी मला काढून उलटा घातला, मग परत सुलटा. मग स्वतःशीच, हळूच बोलले. त्या फटीएवढ्या दुकानात फक्त मी ऐकलं.

"सगळं येतंय. पोरगी तेवढी येत नाही."

आणि थोड्या वेळानं, "गेला वाटतं हाही."

डावा कान, मित्रांनो! त्यांना वाटलं, उरलेला कानही चालला, आणि जाताना नेमकं पोरीलाच घेऊन चालला.

"कसं वाटलं काका?" ताईनं लांबूनच विचारलं. "धाडस आहे ना?"

"हो, हो," ते चटकन म्हणाले. "लहानपणापासूनच धाडसी." त्यांनी मला दोन्ही हातांनी कानांवर घट्ट धरलं. "अजून जरा बसू का?"

"बसा की!"

ते पुढे वाकले. सीडी फिरत होती तिथे, जणू जवळ गेलं की ती ऐकू येईल. माझी वायर ताणली गेली. वळण वळण सरळ व्हायला लागलं. आणि तिकडे डाव्या वाटेनं तीच ओळ येत होती.

मला एवढंच करायचं होतं जे मी रोज करतो. लांबायचं. धक्का गिळायचा, टेप शाबूत राहील, ते निघून जातील, मी खिळ्यावर राहीन. नाही लांबलो तर काय होईल हे मला दादानंच सांगून ठेवलं होतं. वर फळीवर तो डबा चकाकत होता.

त्या दिवशी मी ताण घेतला नाही.

अंग आखडून धरलं. असेल नसेल तेवढं बळ लावून. ते आणखी वाकले, आणि सगळा ओढा माझ्या गळ्यावर आला. टेप सरकली. पीळ सुटला. दुमडून दाबलेलं ते डावं टोक टण्णकन सरळ झालं आणि डाव्या कानाच्या वायरीला जाऊन चिकटलं.

शिवणयंत्र गेलं. पंखा गेला. सूर गेले. नुसती ती उरली.

"बाबा, चष्मा कपाळावर आहे, आणि मी डावीकडे आहे."

त्यांचा हात कपाळाकडे गेला. चष्मा तिथेच होता.

"आहे!" ते असे ताडकन उठले, अगदी चष्मेवाल्यासारखे! "आहे! अहो, आहे ती!"

खट्. उरलंसुरलं तुटलं. भिंतीवर पट्टी, ठक ठक ठक.

ताई धावत आली. "काय झालं काका?"

"गातेय ना ती!"

"काका, ह्यात आवाज नाहीये."

"असं कसं? मला म्हणाली, चष्मा कपाळावर आहे! तिला कसं कळलं?" ते हसतही होते, नाकही पुसत होते.

ताईनं मला उचललं. टेप लोंबत होती. तिनं ती सगळी सोडवली, पीळ बघितला, बराच वेळ बघितला.

"दादा, हे काय जोडलंस तू?"

"वाजत होतं ना दोन्हीत," दादा म्हणाला, पण खालच्या पट्टीत.

तिनं फळीवरचा डबा काढला, फाडलाच म्हणा ना. नवा हेडफोन घातला, 'कपाटातून' पहिल्यापासून लावला. पहिलं गाणं उभ्या उभ्याच शेवटपर्यंत ऐकलं. मग नवा हेडफोन तिनं गळ्यात उतरवला.

"मी तिला म्हणाले, पुढचाही असाच कर," ती म्हणाली. "चला काका. पडद्यांचं दुकान कुठलं ते?"

ती काकांच्या उजवीकडून निघाली होती. दारात थांबली, आणि वळसा घालून डावीकडे आली. मग दोघं रस्त्याला लागले. नवा हेडफोन तिच्या गळ्यातच, डुलत डुलत. पहिल्याच दिवशी जग! आणि मी बोल्टला. तिकडे काय बोलणं झालं, कोण रडलं, मला काय माहीत? माझी धाव हातभर.

संध्याकाळी दादानं पाना आणला आणि बोल्ट सोडवला. सुटलो! आयुष्यात पहिल्यांदा मी काउंटरपासून मोकळा झालो! आणि दोन पावलांवरच्या ह्या खणात पडलो. फेकलं मात्र नाही. "नीट बसून जोडीन कधीतरी," तो पुटपुटला. कधीतरी म्हणजे कधी, हे रिमोटला विचारा, तो माझ्या आधीपासून इथे आहे.

खणातून सगळं पुसट ऐकू येतं. चष्मेवाल्याचा आवाज ओळखला मी, "म्हणजे पहिलीच सीडी बरोबर होती? आणि मी घरात धूप काय जाळत बसलो!" हल्ली ताई प्रत्येक अल्बम दोनदा ऐकते म्हणे, दोन वेगळ्या हेडफोनवर. आणि परवा एक बारीक आवाज आला. सुयांच्या पिशवीची कुरकुर मी कुठेही ओळखीन.

"ताई, नवीन आणलाय. ह्यात माझा आवाज जो आहे ना, तो..."

"सांगू न..." ताई म्हणाली आणि थांबली. स्टूल ओढल्याचा आवाज आला. "सांग. आधी सांग."

पुढचं मला ऐकू आलं नाही. दादानं येऊन खण नीट लावला.

म्हणून सांगतो मित्रांनो, कुणाला एखादं गाणं सुचवाल, नाहीतर कुणाचं गाणं नावडलं म्हणाल, तर आधी आपले दोन्ही कान तपासा. जोडाल ते नीट जोडा, तात्पुरतं फार टिकतं. आणि घरात असा बंद खण असेल तर अधूनमधून उघडत जा, एवढीच विनंती.

आता बोला, शंका विचारा. मला मात्र एकच विचारायचंय, अंधारात रोज तेच मनात येतं. मी रोजच्यासारखा लांबलो असतो, तर आजही त्या खिळ्यावर असतो, उजेडात, डोक्यांखाली, अर्धी का होईना पण गाणी ऐकत. ते काका वाकले, वायर ताणली, आणि ती ओळ गळ्याशी आली, तेव्हा माझ्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतंत?